पडद्यावरची भिंत

रंगाच्या दुकानात रंग कालवणाऱ्या त्या माणसाला सगळे थेंब म्हणत. खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक होतं, पण हल्ली तीही थेंबच म्हणे. गिऱ्हाईक डबा उचलून पायरी उतरलं, तरी हा मागून धावायचा. "थांबा, एक थेंब पिवळा कमी पडलाय." गिऱ्हाइकाला तो थेंब कधी दिसला नाही, आणि तो पडल्याशिवाय याला जेवण गेलं नाही. दुकानाच्या मालकीणबाई कपाळाला हात लावायच्या. म्हणायच्या, "याच्या थेंबांत माझं दुकान एक दिवस वाहून जाणार आहे." पण वर्षानुवर्षं त्या त्याला सांभाळून होत्या, कारण त्याने कालवलेला रंग परत घेऊन कोणी कधी आलं नव्हतं.

दुकानाच्या काउंटरवर एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्याला मागे भलंमोठं पोट सुटलेला, खोक्यासारखा मॉनिटर होता. त्यात एक प्रोग्राम होता. गिऱ्हाइकाने खोलीचा फोटो आणायचा, थेंबने तो आत घालायचा, मग भिंतीवर माउस टेकवून हवा तो रंग निवडला की पडद्यावरची भिंत त्या रंगाची व्हायची. लोकांना मोठी मौज वाटायची. ज्या माणसाला घरी पडदे बदलायचाही उत्साह नाही, तो इथे बसून स्वतःचा हॉल जांभळा करून बघायचा आणि शेवटी पांढरा घेऊन जायचा. नवीन कॉम्प्युटरवर हा प्रोग्राम चालत नव्हता, म्हणून जुनं खोकं तिथेच ठाण मांडून होतं.

एका दुपारी रस्त्याच्या टोकाला दुकान असलेले शिंपीकाका आले. गळ्यात टेप, डाव्या मनगटावर टाचण्या चिकटवायचं चुंबक, आणि मागोमाग काकू. काकूंना घराबाहेर पडलेलं बघून मालकीणबाई उठूनच उभ्या राहिल्या. काकू आणि त्यांची थोरली बहीण, जिला सगळा रस्ता ताई म्हणायचा, अशा दोघी शिंपीकाकांच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काज-बटण करायच्या. रेडिओ लावलेला, माना खाली, आणि गप्पा मात्र अखंड. ताई गेल्या, तेव्हापासून काकूंनी सुई हातात धरली नव्हती. बोलायच्या त्याही "हं" आणि "नको", एवढंच. सांत्वनाला येणारी माणसं आधी रोज आली, मग अधूनमधून, मग त्यांनाही आपापली कामं होतीच.

काका थेंबच्या कानाशी वाकून म्हणाले, "दिवसभर ताईच्या खोलीत बसते. समोरच्या भिंतीकडे बघत. म्हटलं, भिंत तरी बघण्यासारखी असावी."

थेंबने फोटो आत घातला. लहानशी खोली, एक खिडकी, एक लांबलचक कोरी भिंत. काकू काउंटरच्या उजव्या टोकाच्या स्टुलावर बसल्या, हातातली कापडी पिशवी त्यांनी मांडीवर घेतली आणि पडद्याकडे पाहू लागल्या. थेंबने भिंत आकाशी केली. नको. पिवळी केली. नको. गुलाबी, मोतिया, हिरवट, सगळ्याला नको. काकांच्या हातातला टेप गुंडाळून सुटत होता, पुन्हा गुंडाळून सुटत होता. थेंबने भिंतीला सहज म्हणून फिका राखाडी रंग दिला आणि मागच्या फळीवरून शेडकार्ड काढायला वळला. काकूंनी मांडीवरची पिशवी मॉनिटरला टेकवून ठेवली.

परत फिरला तर भिंत राखाडी नव्हती.

वरच्या कोपऱ्यात ती फिकट जांभळी होती. तिथून खाली उतरता उतरता गुलाबी व्हायची, कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतकी पातळ, आणि अगदी तळाशी, जमिनीला टेकताना, तिच्यात कसलासा हिरवा श्वास होता. कुठे एक रंग संपला आणि दुसरा लागला ते बोट ठेवून सांगता आलं नसतं. संध्याकाळी दिवा लावायचा आळस करून माणूस बसून राहतो, तेव्हा खोलीत जो उजेड उरतो, तो त्या भिंतीवर होता. थेंबने जन्मभर रंग कालवले, पण हा रंग त्याच्या हातून कधी झाला नव्हता. शेडकार्ड त्याच्या हातात तसंच राहिलं.

"हा," काकू म्हणाल्या. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले, तेव्हा पुन्हा म्हणाल्या, "हाच."

काकांचा टेप हातातून गळून पडला. घाईघाईने ते म्हणाले, "ठरलं मग. हाच. थेंब, हाच हं." आणि काकूंचं मन बदलायच्या आत त्यांची पिशवी उचलून त्यांच्या हाताला धरून ते निघालेसुद्धा. थेंबने भिंतीकडे पुन्हा न बघताच कॉम्प्युटरने दिलेला शेडचा नंबर टिपून घेतला. आनंदात तोही हवेतच होता. रात्री झोपेत त्याला ती भिंत दिसली आणि तो तिच्यातून आरपार चालत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून त्याने कॉम्प्युटर चालू केला, नंबराबरहुकूम रंग काढला, डबा हलवला, झाकण उघडलं. आत राखाडी. पाऊस येऊन गेल्यावर रस्ता असतो तसा, साधा, सभ्य राखाडी. पडद्यावर भिंत काढून पाहिली, तर तीही तशीच. त्याने चष्मा पुसला, पडदा पुसला, पुन्हा चष्मा पुसला.

मालकीणबाई म्हणाल्या, "मीही पाहिला होता रंग. वेड लागायचं तर दोघांना एकदम नाही लागत. खोकं बिघडलंय. भंगारवाल्याला सांगून टाकते, संध्याकाळी येऊन घेऊन जाईल."

"संध्याकाळी नको," थेंब घाबरून म्हणाला. "रंग त्याच्यातच आहे."

समोरच्या बाजूला दुरुस्तीवाल्याचं दुकान होतं. जुने टीव्ही, पंखे, इस्त्र्या यांच्या ढिगाऱ्यात तो असा बसायचा, की गिऱ्हाइकाला आधी आवाज यायचा आणि मग माणूस सापडायचा. थेंबने हाक मारून सगळं सांगितलं, तसा तो आला, त्याने मॉनिटरच्या पोटावर थाप मारली आणि मागची केबल काढून तिच्या पिना निरखल्या.

"यातली एखादी वाकली असती तर अख्खा पडदा पिवळा झाला असता, नाहीतर निळा. तुझी भिंत कुठून रंगली होती?"

"उजवीकडून. डावीकडे साधीच होती."

"मग बिघाड नाही. कोणीतरी चुंबक आणलं होतं जवळ." दुरुस्तीवाल्याने स्टूल ओढलं. त्याला समजावून सांगायला आवडायचं, ऐकणारं माणूस मात्र रोज मिळायचं नाही. "आत काचेमागे लोखंडाची पातळ जाळी असते. लाल, हिरवा, निळा, तिघांचे किरण तिच्या भोकांतून आपापल्या ठिपक्यावर जाऊन पडतात. चुंबक आलं की त्यांची वाट चुकते. लाल जातो हिरव्याच्या घरी, हिरवा निळ्याच्या. जाळीही थोडी चुंबकाची होऊन बसते, म्हणून चुंबक नेलं तरी डाग राहतो."

"मग सकाळी का नव्हता?"

"चालू करताना 'धुम्म' असा आवाज येऊन पडदा थरथरतो ना? तेव्हा तो आतलं सगळं झटकून मोकळा होतो."

थेंबने त्या बटणाकडे पाहिलं. म्हणजे सकाळी बटण दाबून आपणच तो रंग पुसला होता.

दुरुस्तीवाल्याने आपल्या दुकानातून फाटक्या स्पीकरचं गोल चुंबक आणलं आणि पडद्यासमोर धरलं. भिंतीवर हिरवे-जांभळे लोळ उठले आणि तेलात पाणी पडावं तसे गरगरले. मालकीणबाईंनी तोंडावर पदर धरला. थेंब म्हणाला, "एवढं नको. लांब धर." लांब धरलं तर डाग विरला. वाकडं धरलं तर नारिंगी आला. वरून, खालून, मागून, नाना तऱ्हेने धरून पाहिलं. प्रत्येक वेळी काहीतरी सुंदरच यायचं, पण ते नव्हे. दुरुस्तीवाल्याचा हात भरून आला. शेवटी तो म्हणाला, "कुठलं चुंबक, किती लांब, कसं कलतं, काय ठाऊक? ज्याने आणलं त्यालाच विचार."

दुपारी शिंपीकाका डबा न्यायला आले. थेंबने झाकण उघडलं आणि बाजूला झाला.

काका डब्यावर वाकले. "हा नाही," ते हळूच म्हणाले.

"नाही."

"अरे, सकाळी उठल्या उठल्या तिने मला विचारलं, रंग आला का. इतक्या दिवसांत तिने आपणहून विचारलेली ही एक गोष्ट. आता हा राखाडी घेऊन गेलो, तर ती 'हं' म्हणेल. आणि पुन्हा मला काहीच विचारणार नाही." ते उगाच टेप गळ्यात नीट करू लागले.

थेंबची नजर त्यांच्या मनगटावर गेली. "काका, तुमच्या हातावरचं हे चुंबक." काकांनी घाईने मनगट पडद्याला भिडवलं. एक बारीकसा हिरवा ठिपका आला, तोही कडेला. शिवाय काल काका डावीकडे उभे होते, हे मालकीणबाईंना पक्कं आठवत होतं. उजवीकडे बसल्या होत्या त्या काकू. त्यांच्या अंगावर चुंबक कुठून असणार, ते कोणालाच सुचेना.

"त्यांना घेऊन या," थेंब म्हणाला. "काल जशा आल्या होत्या, तशाच. काहीही बदलू नका."

काकू आल्या. त्याच स्टुलावर बसल्या, पिशवी मॉनिटरला टेकवली आणि हात मांडीवर घेतले. आणि पडद्यावर, उजव्या कडेकडून, कोणी फुंकर घालावी तसा रंग आत आला. आधी जांभळा, मग गुलाबी, मग तळाचा तो हिरवा. बाकीचे तिघं त्या भिंतीसमोर उभे राहिले. बाहेर रस्त्यावर कोणी सायकलची घंटी वाजवत गेलं, तीही फार लांबून आल्यासारखी वाटली.

थेंबने पिशवीकडे पाहिलं. त्याला कळलं, आणि कळल्याबरोबर भीती वाटली. आता सांगावं, तर काकूंना हा बिघाड आहे हे कळणार. त्यांना आवडलेली एकुलती एक गोष्ट म्हणजे पडद्यावरचा डाग. न सांगावं, तर काकू उठल्या की रंगही उठून जाणार. तो काकांच्या जवळ सरकून कुजबुजला, "तुमच्या दोऱ्यांची पेटी आणा. सगळी रिळं. पळा."

काका वयाचा विचार न करता पळाले. थेंबने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. पडद्यावरचा रंग उजेडाचा आणि डब्यातला मातीचा, दोघांची गाठ घालायची तर बाहेरच्या उन्हाला लांब ठेवायला हवं होतं. काका पेटी घेऊन आले, ती काकूंच्या मांडीवर ठेवली. पेटीत रिळंच रिळं, एकेका रंगाच्या डझनभर छटा. काकूंनी ती पेटी किती दिवसांत उघडली नव्हती. त्यांनी बोट सगळ्या रिळांवरून फिरवलं. एक उचललं, पडद्याच्या काचेला लावलं, मान हलवली, ठेवलं. दुसरं लावलं.

"वर हा," त्या म्हणाल्या.

थेंबने रीळ घेतलं.

"हा नको. हा फार गोड आहे. मध्ये हा घे. आणि याच्या जोडीला हा थोडा." त्या वाकून बघत होत्या. कपाळावर आठी होती, आणि ती आठी बघून काकांचे डोळे भरून आले, कारण गिऱ्हाइकाच्या कोटाला बटण निवडताना ती तिथे असायची. "खाली हिरवा. असा नाही, याच्याहून कमी. आहे आणि नाही, असा."

सगळी रिळं काउंटरवर ओळीने लागली. थेंबने सुटकेचा श्वास सोडला. आता रंग त्याच्या ताब्यात होता, दोऱ्याने बांधलेला. नेमक्या त्याच वेळी काकूंना रुमाल हवा झाला. त्यांनी पिशवी उचलून जवळ घेतली.

पडद्यावरची भिंत हलली. रंग वाकले, ओघळले आणि पिशवीच्या मागोमाग उजवीकडे निघून गेले. मागे राहिला नुसता एक फिकट डाग.

मालकीणबाईंच्या ओठांवर 'बिघाड' आला होता, तो त्यांनी गिळला. काकूंनी पडद्याकडे पाहिलं. मग पिशवी पुन्हा टेकवली. रंग आला. पिशवी उचलली. रंग गेला. मग त्यांनी पिशवीत हात घालून एक छोटा रेडिओ बाहेर काढला. कातडी कव्हर झिजलेलं, वरचा पट्टा ताईंनी काळ्या दोऱ्याने शिवलेला. ताई गेल्या त्या दिवशी काकूंनीच त्यातले सेल काढून टाकले होते. तेव्हापासून तो मुका रेडिओ त्या जातील तिथे बरोबर न्यायच्या, आणि काकांनी त्यावर चकार शब्द काढला नव्हता.

काकूंनी रेडिओ पडद्यासमोर धरला. भिंत अशी उजळली की सगळ्यांच्या तोंडावर तो गुलाबी उजेड पडला. त्या रेडिओ हळूहळू डावीकडे नेत होत्या, आणि रंग त्यांच्या हाताबरोबर चालत होते, हाक मारल्यावर यावं तसे.

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. थेंबने घसा खाकरला. "काकू, त्याच्यात स्पीकर आहे. स्पीकरला मागे चुंबक असतं. त्याने आतल्या किरणांची वाट चुकते आणि ते भलत्याच ठिकाणी जाऊन पडतात. मूळ रंग राखाडीच आहे." बोलून झाल्यावर त्याला आपली जीभ चावावीशी वाटली.

काकूंनी ते नीट ऐकून घेतलं. रेडिओवरून अंगठा फिरवला, शिवलेल्या पट्ट्यापाशी थांबवला.

"म्हणजे सेल नसले तरी त्याच्यात काहीतरी चालू असतं," त्या म्हणाल्या.

"चुंबक कायमचंच असतं, काकू."

"हं," काकू म्हणाल्या. पण हा 'हं' वेगळा होता. काकांना तो ओळखता आला. "मला वाटलंच होतं. संध्याकाळी काम आवरून आम्ही त्या खोलीत रेडिओ लावून बसायचो. ताई दिवा लावू द्यायची नाही. म्हणायची, दिवा लावला की लोक कामं घेऊन येतात." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "तेव्हा भिंत अशी दिसायची."

मालकीणबाई मागे वळून डबे नीट लावू लागल्या. ते आधीच नीट लावलेले होते. थोड्या वेळाने भंगारवाला दारात आला, तेव्हा त्यांनी त्याला असं झापलं की तो बिचारा, आपल्याला बोलावलं कोणी होतं, हेच विसरून परत गेला.

थेंब रंग फक्त कालवायचा, भिंतीला हात लावायचा नाही. पण ही भिंत त्याने दुसऱ्या कोणाला लावू दिली नाही. रिळांवरून तीन डबे तयार केले, जांभळा, गुलाबी आणि तो असून-नसल्यासारखा हिरवा. ताईंच्या खोलीत जाऊन त्याने वरून सुरुवात केली, आणि एक रंग सुकायच्या आत दुसरा त्याच्यात रुंद ब्रशने ओढत खाली आला. ओला रंग नेहमी खोटं बोलतो, गडद दिसतो, हे त्याला ठाऊक होतं, तरी दर फटक्याला तो मान मागे घेऊन भिंत बघत होता. काकू खिडकीपाशी खुर्चीत बसून होत्या, मांडीवर रेडिओ. काका दारात उभे. कोणाचंही दुकानात लक्ष नव्हतं, आणि शिवायला टाकलेले कपडे वाट बघत होते.

ऊन खिडकीतून सरकत गेलं. भिंत सुकायला लागली. सुकता सुकता तिच्यातली भडक बाजू आत गेली आणि तो संध्याकाळचा उजेड हळूहळू वर आला. खोलीला जणू कोपरेच उरले नाहीत. थेंबने हातातला ब्रश खाली ठेवला, तो चुकून काकांनी काढून ठेवलेल्या चपलेवर ठेवला, आणि दोघांपैकी कोणालाही ते कळलं नाही.

"जमलं का गं?" काकांनी विचारलं. विचारताना त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली होती.

काकू उठल्या. भिंतीजवळ गेल्या, वाकल्या, मागे आल्या, मान एका बाजूला कलती केली.

"खाली," त्या म्हणाल्या, "हिरवा एक थेंब कमी पडलाय."

थेंब त्यांच्याकडे बघतच राहिला. त्यालाही तोच थेंब मघापासून टोचत होता. जन्मभरात तो दुसऱ्या कोणाला दिसल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. त्याला फार आनंद झाला. तो गुडघ्यावर बसला आणि हिरव्या डब्याचं झाकण उघडू लागला.

काकू परत खुर्चीत बसल्या. रेडिओ उलटा करून त्यांनी मागचं झाकण नखाने सरकवलं. आतली जागा रिकामी होती, स्प्रिंगांवर थोडी धूळ होती. पदराने त्यांनी ती पुसली.

"अहो," त्या म्हणाल्या, "सेल घेऊन या."

काकांनी दाराची चौकट सोडली. काहीतरी विचारायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, "कुठले आणू?"

"जाडे. दोन. आणि जुने देऊ नको म्हणावं त्याला, मागच्या वेळी ताईला जुने दिले होते."

"हो," काका म्हणाले आणि हिरवा डाग पडलेली चप्पल पायात घालून निघाले.